शहराचे सांडपाणी, पिण्याचे पाणी : विंडहूकने जमवले, आपण काय विचारायचे?

मार्च उजाडला की आपल्या जिल्ह्यात दोनच विषय निघतात. उजनीत किती टक्के पाणी राहिले, आणि टँकर कधी सुरू होणार? चावडीवर, चहाच्या टपरीवर, पंचायत समितीच्या व्हरांड्यात, सगळीकडे हेच. तिसरा एक प्रश्न मात्र फारसा कुणी काढत नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांतून रोज मोरीचे आणि संडासाचे जे पाणी बाहेर पडते, ते जाते कुठे?

ते जाते मुळा-मुठेत, पवनेत, इंद्रायणीत. तिथून भीमेत आणि भीमेतून आपल्या उजनीत. त्यातले काही शुद्धीकरण केंद्रातून जाते, काही तसेच. तेव्हा मंडळी, शहराचे सांडपाणी पिण्याचा विषय निघाला की नाक मुरडायचे कारण नाही. आपण ते थोडेफार पितोच आहोत. उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यावर येणारा हिरवा तवंग आणि नदीत माजलेली जलपर्णी ही त्याचीच खूण.

जगात मात्र एक शहर असे आहे, की जे पन्नास वर्षांहून अधिक काळ स्वतःचे सांडपाणी उघड उघड, सगळ्यांना सांगून, शुद्ध करून पीत आले आहे. ते ना अमेरिकेत आहे, ना जपानात. ते आहे आफ्रिकेत. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याने आणि गावकारभाऱ्याने त्याची गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

सांगोल्याहून कोरडे गाव

आफ्रिकेच्या नैऋत्येला नामिबिया नावाचा देश आहे. विंडहूक ही त्याची राजधानी. तिथे वर्षाला सरासरी ३७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सांगोला-मंगळवेढ्यातही याहून जास्त पडतो म्हणा ना! त्यात ऊन असे, की उघड्या पाण्याचा वर्षाला तीन मीटरच्या आसपास थर नुसता वाफ होऊन उडून जातो. बारमाही नद्या आहेत, पण त्या देशाच्या सीमेवर, शहरापासून शेकडो किलोमीटर लांब. जवळ आहेत ती पावसाळी नद्यांवरची धरणे आणि जमिनीखालचे थोडे पाणी.

शहर वाढत गेले तसे हे दोन्ही पुरेना. शहराला लागून गोरेआंगाब नावाचे एक छोटे धरण होते. पण ते शहराच्या उताराला, त्यामुळे शहराची घाण वाहून त्यातच जायची. पाणी आहे, पण पिण्याच्या लायकीचे नाही, अशी अवस्था. आपल्याला ओळखीची वाटते ना?

तेव्हा १९६८ साली त्यांनी एक धाडस केले. त्या धरणाच्या कडेच्या जलशुद्धीकरण केंद्रात बदल करून शहराचे सांडपाणीसुद्धा पिण्यालायक करायला सुरुवात केली. रोजचे ४८ लाख लिटर. शुद्ध केलेले सांडपाणी थेट शहराच्या नळाला जोडणारे हे जगातले पहिले केंद्र. त्या वेळी नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता, १९९० साली तो स्वतंत्र झाला. सरकार बदलले, झेंडा बदलला, केंद्र मात्र चालूच राहिले. २००२ साली शेजारीच नवे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता रोज २ कोटी १० लाख लिटर, म्हणजे आपल्या हिशोबाने दहा हजार लिटरचे २१०० टँकर. शहराच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा त्यातून भागतो.

या पाण्यामुळे साथ पसरली, अशी एकही घटना एवढ्या वर्षांत नोंदलेली नाही.

जादू नाही, पायऱ्या आहेत

तुम्ही म्हणाल, कुठले तरी महागडे यंत्र असणार. यंत्रे आहेतच. पण खरी मेख यंत्राच्या आधी आहे. ती म्हणजे कारखान्याचे पाणी वेगळे काढणे.

विंडहूकमध्ये दारूची भट्टी, कातडी कमावण्याचा कारखाना, कत्तलखाना यांचे सांडपाणी वेगळ्या नळाने, वेगळ्या केंद्राकडे जाते. पिण्यासाठी घेतात ते फक्त घराघरांतले सांडपाणी. असे का? घरच्या सांडपाण्यात काय असते, तर मैला, साबण, खरकटे आणि रोगजंतू. दिसायला ओंगळ, पण काढायला सोपे. कारखान्याच्या पाण्यात क्रोमियम, रंग, नाना तऱ्हेची रसायने. दिसायला एखाद्या वेळी स्वच्छ, पण काढायला महाकठीण. आपल्या गावाजवळून वाहणाऱ्या ओढ्याला हा नियम लावून बघा, म्हणजे घोटाळा कुठे होतो ते कळेल.

यानंतरचे काम टप्प्याटप्प्याने चालते.

पहिला टप्पा नेहमीच्या सांडपाणी केंद्रातला. गाळ खाली बसवतात आणि पाण्याला हवा देऊन जिवाणू वाढवतात. हे जिवाणू घाण खाऊन टाकतात. शेणखताच्या खड्ड्यात जे होते, त्यातलाच प्रकार. मग हे पाणी काही दिवस उथळ तळ्यांत राहते. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत 'शुद्ध केलेले सांडपाणी' म्हणतात ते इथपर्यंतच आलेले असते. विंडहूकचे खरे काम इथून पुढे सुरू होते.

दुसरा टप्पा, गढूळपणा काढायचा. पाण्यात ओझोन वायू सोडतात. मग आपण तुरटी फिरवतो तसे एक लोहयुक्त औषध टाकतात. बारीक कणांच्या गुठळ्या होतात. खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडले की या गुठळ्या वर येतात आणि दुधावरची साय काढावी तशा काढून घेतात. उरलेले पाणी वाळू आणि दगडी कोळशाच्या थरातून गाळतात.

तिसरा टप्पा, न दिसणारी घाण काढायची. पुन्हा ओझोन, आणि त्यानंतर खास तयार केलेल्या कोळशाचे थर. औषधांचे अंश, वास, रंग, कीटकनाशके यांतले पुष्कळसे हा कोळसा धरून ठेवतो.

चौथा टप्पा, जंतू अडवायचे. पोकळ दोऱ्यांसारख्या अतिबारीक नळ्यांच्या भिंतींतून पाणी गाळले जाते. त्यांची छिद्रे इतकी सूक्ष्म की जिवाणू आणि परजीवी अडकतात. शेवटी क्लोरीन. आणि पाण्याने नळ खाऊ नयेत म्हणून थोडा कॉस्टिक सोडा.

एवढे करून झाले तरी ते पाणी एकटे नळाला सोडत नाहीत. धरणाच्या आणि बोअरच्या पाण्यात मिसळूनच सोडतात. याला कारण आहे. या पद्धतीत क्षार जात नाहीत. तेच पाणी फिरून फिरून वापरले तर खारटपणा वाढत जाईल, म्हणून ताजे पाणी मिसळावे लागते.

मग आरओ का लावत नाहीत? आपल्या गावोगावी पाच रुपयांत वीस लिटर देणारे आरओ प्लांट तुम्ही पाहिलेच आहेत. त्यांच्या मागच्या बाजूने खारट पाण्याची धार गटारात जाते, तीही पाहिली असेल. समुद्रकाठच्या शहराला ते पाणी समुद्रात सोडता येते. समुद्रापासून लांबच्या गावाने ते कुठे सोडायचे? शेतात सोडले तर जमीन खारवट होणार. कुठलेही नवे तंत्र गावात आणताना, 'उरलेले जाणार कुठे?' हे आधी विचारावे, ते एवढ्यासाठी.

एका कुलपावर भरवसा नाही

या सगळ्यात एक तत्त्व आहे. प्रत्येक धोक्यासाठी एकापेक्षा जास्त अडथळे. एक पायरी बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. आपण घराला कडीही लावतो, कुलूपही लावतो आणि कुत्राही बांधतो, तसेच.

आपल्या पाणीपुरवठ्यात नेमके उलटे चालते. टाकीत टीसीएल पावडर टाकली की झाले. टीसीएल हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण काही परजीवी असे चिवट असतात, की ते क्लोरीनला दाद देत नाहीत. ते गाळूनच काढावे लागतात. पावडर जुनी असेल, पोते उघडे पडून दमट झाले असेल, तर तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो आणि आपण टाकतो ती नुसती चुनखडी.

दुसरे तत्त्व तपासणीचे. विंडहूकच्या केंद्रात पायरीपायरीला मोजणी चालते. पाणी ठरलेल्या प्रतीचे नसेल तर ते शहराकडे जातच नाही. पाणी कमी पडले तरी चालेल, खराब पाणी जाता कामा नये, असा तिथला रिवाज. या कामाच्या सुरुवातीच्या काळातले एक शास्त्रज्ञ डॉ. लुकास फान व्ह्यूरेन यांचे म्हणणे असे होते, की पाण्याची पारख त्याच्या इतिहासावरून करू नये, त्याच्या प्रतीवरून करावी. बोलायला सोपे आहे. पण प्रत कोण तपासतो, किती वेळा तपासतो, आणि वाईट निघाली तर नळ बंद करण्याची हिंमत कुणात आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

लोकांना विचारले नाही तर?

तंत्र चांगले असले तरी लोकांच्या गळी उतरले नाही तर सगळे फुकट. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरात २००६ साली मोठा दुष्काळ होता. धरणे तळाला गेली होती. सांडपाणी शुद्ध करून धरणात सोडण्याची योजना पुढे आली आणि त्यावर मतदान घेतले गेले. दहापैकी सहा लोकांनी नको म्हणून सांगितले. योजना बारगळली. 'संडासाचे पाणी' हा एक शब्दच सगळ्या आकड्यांना पुरून उरला.

सिंगापूरने हीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली. २००२ सालच्या राष्ट्रीय दिनाच्या समारंभात शुद्ध केलेल्या पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि पंतप्रधानांपासून सगळ्यांनी ते पाणी सर्वांसमक्ष प्यायले. आधी कारभाऱ्याने प्यायचे, मग रयतेला सांगायचे. २००३ पासून हे पाणी पुरवले जाऊ लागले. त्यातले बहुतेक कारखान्यांना जाते, काही भाग कोरड्या दिवसांत तलावांत सोडतात आणि तिथून पुन्हा शुद्ध करून नळाला देतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीने आणखी एक वाट काढली. ती आपल्या शेतकऱ्याला सगळ्यांत जवळची वाटेल. २००८ पासून ते सांडपाणी आरओपर्यंतच्या सगळ्या पायऱ्यांतून नेतात आणि पाझर तलावांत व विहिरींत सोडून भूजल वाढवतात. २०२३ मध्ये त्यांची क्षमता रोज ४९ कोटी लिटरपर्यंत गेली. म्हणजे आपल्या पाझर तलावाचाच प्रकार. फरक इतकाच, की जमिनीत पाणी मुरवण्याआधी ते पूर्ण स्वच्छ करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे आणि तिथे हाच मुद्दा अडला.

कोलारचा धडा

कर्नाटकातला कोलार जिल्हा म्हणजे बारमाही नदी नाही आणि बोअर हजार फुटांच्या पुढे. जवळच बेंगळुरू शहर, सांडपाण्याने तुडुंब. तिथल्या सरकारने २०१८ पासून बेंगळुरूचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने कोलारकडे आणून तलाव भरायला सुरुवात केली. योजना रोज ४४ कोटी लिटरची आणि सव्वाशेच्या आसपास तलावांची. वर्षानुवर्षे कोरडे पडलेले तलाव भरले, आसपासच्या बोअरना पाणी आले. लोक खूष झाले, यात नवल नाही.

पण हे पाणी पहिल्या टप्प्यापर्यंतच शुद्ध केलेले. २०१८ सालीच एका तलावात फेस दिसला आणि शेतकरी न्यायालयात गेले. न्यायालयाने काही काळ पाणी थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि पुढे पाणी पुन्हा सुरू झाले. शेतकऱ्यांची मागणी साधी होती. पाणी द्या, पण पुढच्या पायऱ्या करून द्या. कारण तलावातले पाणी जमिनीत मुरते आणि त्याच जमिनीतल्या बोअरचे पाणी आमची पोरे पितात.

कोलारकरांचे चुकले असे म्हणता येत नाही. पाणी हवे म्हणणारेही तेच आणि चांगले हवे म्हणणारेही तेच.

आपल्या वाट्याला काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालातले आकडे बघा. देशातल्या शहरांत रोज ७२ हजार ३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. त्यातले प्रत्यक्ष शुद्ध होते ते २० हजार २३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीस. बाकीच्या बहात्तर बादल्या तशाच नदीनाल्यांना. एकट्या महाराष्ट्रातले सांडपाणी रोजचे ९ हजार १०७ दशलक्ष लिटर.

हे पाणी आता फुकट जाणारी घाण राहिलेले नाही. त्याला मागणी आली आहे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. सांडपाणी केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी हेच पाणी वापरावे, असे केंद्राच्या २०१६ च्या वीज दर धोरणात म्हटले आहे. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेले सांडपाणी जुन्या कालव्यात सोडून दौंडकडच्या शेतीला देण्याची योजना झाली. उद्या तुमच्या तालुक्याच्या गावाचे पाणीही तुमच्या ओढ्यात, तलावात किंवा कालव्यात सोडण्याचा प्रस्ताव येईल. पाण्याला आसुसलेले गाव लगेच हो म्हणेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कुणी विसरलेले नाही.

हो म्हणायला हरकत नाही. पण ग्रामसभेत आधी एवढे विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पाणी कोणत्या पायरीपर्यंत शुद्ध केले आहे? 'प्रक्रिया केलेले' या एका शब्दावर समाधान मानू नका.

त्यात कारखान्याचे सांडपाणी मिसळते का? मिसळत असेल तर कोणकोणत्या कारखान्यांचे?

तपासणी कोण करणार, किती दिवसांनी, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागणार का?

पाणी खराब आले तर ते बंद करण्याचा अधिकार कुणाला? गावाने फोन केला तर किती तासांत बंद होईल?

जिथे पाणी सोडणार त्या तलावाजवळ पिण्याच्या विहिरी किती? त्यांच्या पाण्याची आजची तपासणी आधीच करून ठेवली आहे का? आजचा आकडा हातात नसेल, तर उद्या बिघडले हे सिद्ध कशाने करणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अर्धवट शुद्ध पाणी मुरले की विहिरीत नायट्रेट वाढण्याची भीती असते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. नायट्रेटला ना रंग, ना वास. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. तान्ह्या बाळांना त्याचा सगळ्यांत जास्त धोका. त्यांच्या रक्ताची प्राणवायू नेण्याची ताकद कमी होते आणि अंग निळसर पडते.

तोपर्यंत शेतात आणि घरात

नदीचे किंवा कालव्याचे असे पाणी आजही अनेकजण पिकांना देतात. त्यात नत्र असते, पीक हिरवेगार दिसते आणि युरियाचे पोते वाचते, हे खरे. पण मेथी, कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, गाजर असे कच्चे खाल्ले जाणारे माळवे त्यावर घेऊ नका. ऊस, कापूस यांना त्यातल्या त्यात धोका कमी. ठिबकने दिले तर पानाफळाला पाणी लागत नाही. काढणीच्या आधी एक-दोन आठवडे हे पाणी बंद ठेवता आले तर जंतू पुष्कळ मरतात. दारे धरताना गमबूट घाला, काम संपल्यावर साबणाने हातपाय धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. दर दोन-तीन वर्षांनी मातीची तपासणी करून क्षार वाढले का ते पाहा. नत्र मिळाले म्हणून युरियाचा हिशोबही कमी करा, नाहीतर पीक नुसते माजते आणि रोगाला बळी पडते.

ग्रामसेवक आणि जलसुरक्षकांना एवढेच सांगणे. ओ.टी. टेस्ट टाकीखालच्या नळाला करून भागत नाही. ती गावाच्या शेवटच्या टोकाला, वस्तीवरच्या नळाला करा. तिथे लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. नोंद वहीत रोजच्या रोज करा. महिनाअखेरीला एकदम वही भरणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत, ते कसे ओळखायचे हे गटविकास अधिकाऱ्यांना ठाऊक असतेच. सगळ्या पानांवर शाई एकाच पेनाची असते!

विंडहूकचे केंद्र उद्या आपल्या जिल्ह्यात उभे राहील, असे कुणी समजू नये. त्याला पैसा लागतो, वीज लागते आणि रात्रंदिवस जागणारी शिकलेली माणसे लागतात. पण कारखान्याचे पाणी वेगळे काढणे, एकाच उपायावर विसंबून न राहणे, रोज तपासणे आणि लोकांना खरे सांगणे, या चार गोष्टींना परदेशी यंत्र लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे. निदान दुसऱ्याने आपल्या विहिरीत काय सोडले, हे तरी तहान लागण्याआधी विचारून ठेवू या. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि वरचे प्रश्न ठरावात लिहून घ्या.